पिवळ्या फुलीसाठी गुलाब

हेन्रिके : म्हणजे ठरलं. उद्या सकाळी लांगेमार्कचं दफनस्थान, दुपारी पासेनडालेची टेकडी, आणि परवा...

ओडिल : परवा घरी परत जा. दोन दिवसांत माणसाची थडगी बघून होतात, बाई. आमच्याकडे उतरणारे पाहुणे पहिल्या दिवशी रडतात, दुसऱ्या दिवशी बियर मागतात आणि तिसऱ्या दिवशी चॉकलेटचं दुकान कुठे आहे ते विचारतात.

इर्मा : ओडिल, अरे पाहुण्यांशी बोलतोयस की बैलांशी? त्यांना कॉफी तरी पिऊ दे सुखानं.

ओडिल : खरं तेच सांगतोय. तीस वर्षं तू खोल्या भाड्यानं देतेयस आणि तीस वर्षं मी यांना रणभूमी दाखवत फिरतोय. मला पाठ झालंय सगळं.

हेन्रिके : बोलू द्या हो त्यांना. पण ओडिल, मी चॉकलेटसाठी नाही आले. एकाहत्तराव्या वर्षी ब्रेमेनहून एकटी गाडी हाकत आलेय. परवाचा दिवस माझ्या आजोबांचा. तो मी सोडणार नाही.

इर्मा : ओट्टो ना त्यांचं नाव? सकाळी सांगत होतात.

हेन्रिके : हो. पहिल्या महायुद्धात, सतरा साली, इथे होते, जर्मन तोफखान्यात. म्हणजे तोफेवर नव्हे, मागे दारूगोळ्याच्या कोठारावर. त्यांचा नकाशा आणलाय मी. दाखवते. आधी एक सांगा, तुमच्या फाटकाबाहेर विजेच्या खांबापाशी ते गंजलेलं काय ठेवलंय? मी वाकून बघायला गेले तर तुमची मुलगी केवढ्यानं ओरडली माझ्यावर!

ओडिल : बरं केलं तिनं. तोफगोळा आहे. परवा बटाट्याच्या शेतात नांगराला लागला. असा सापडला की खांबाच्या बुडाशी ठेवायचा आणि पोलिसांना फोन करायचा. मग सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. दर वसंतात येतं हे लोखंडी पीक. ना पेरावं लागतं, ना खत घालावं लागतं.

हेन्रिके : आणि तुम्ही तो हातानं उचलून आणता? भीती नाही वाटत?

ओडिल : पोटात दारू भरलेला असला तर नाही वाटत. तो फुटला तर एका क्षणात खेळ खलास, घाबरायला वेळच कुठे? मी घाबरतो ते दुसऱ्या जातीच्या, विषारी गॅसच्या गोळ्याला. हलवला की आत पाणी हिंदकळल्यासारखं वाजतं ना, त्याला.

इर्मा : कामिलकाकाचं नको सांगूस. जेवायला ससा केलाय मी. त्यांचं जेवण जाईल.

ओडिल : त्यांनी विचारलं म्हणून सांगतो. कामिल माझा सख्खा काका. चोपन्न साल. गोळ्याभोवतीची तांब्याची कडी विकायला मिळते म्हणून त्यानं असाच एक गोळा ऐरणीवर धरला आणि ठोकला. आतून थोडं तेलकट काहीतरी हातांवर आलं. विजारीला पुसलं. ना आग, ना खाज. संध्याकाळी आमच्याकडे पत्ते खेळला, जिंकला, वडिलांना टोमणे मारून घरी गेला.

हेन्रिके : मग?

ओडिल : रात्री हातांवर फोड उठले, अंड्याएवढे. सकाळी डोळे सुजून मिटले ते पुन्हा उघडले नाहीत. नऊ दिवस काढले बिचाऱ्यानं. ते द्रव्य असंच असतं, बाई. पहिले काही तास माणसाला काही म्हणजे काही होत नाही. तोच त्याचा डाव.

हेन्रिके : देवा! आणि ते ओळखायचं कसं?

ओडिल : गोळा फुटका असेल तर वासावरून. कुणी म्हणतं मोहरी, कुणी म्हणतं लसूण.

हेन्रिके : लसूण? मघाशी माझ्या खोलीची खिडकी उघडली तेव्हा लसणाचाच वास आला. मला वाटलं तुमचा ससा शिजतोय.

इर्मा : सशात कसली लसूण! बियर आणि सुके आलुबुखारे. लसूण घातली तर माझी सासू थडग्यातून उठून येईल. शेजारच्यांकडे शिजत असेल काहीतरी. आणा तो नकाशा, बघू.

हेन्रिके : हा बघा. त्यांच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला. जपून, घडीवर फाटतोय. हे त्यांच्या हातचे क्रूस. तीन आहेत. आणि प्रत्येकाखाली आकडा.

ओडिल : माझा चष्मा कुठाय? हां. हा पहिला निळा. दुसरा हिरवा. हे रंग तुम्ही दिले की त्यांनी?

हेन्रिके : त्यांनीच. मला वाटतं एकेका पलटणीचा एकेक रंग असावा. बघा ना, हिरव्याखाली दोनशे दहा लिहिलंय. दोनशे दहा माणसं एका खड्ड्यात! कुठल्याही यादीत नाहीत ती. मी सगळ्या याद्या चाळल्या.

ओडिल : हिरवा तर मारियाच्या छोट्या देवळामागे येतो.

इर्मा : म्हणजे त्या गॅसच्या वेळी...?

ओडिल : जरा थांब, इर्मा. बाई, आजोबा याबद्दल काही बोलले होते? नीट आठवून सांगा. त्यांचे शब्द जसेच्या तसे.

हेन्रिके : जन्मभर एक अक्षर बोलले नाहीत. शेवटच्या आजारपणात मी उशाशी होते. माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, "निघायच्या आधी सगळे पुरले आम्ही. एकही वर ठेवला नाही. अजून तिथेच असतील." आणि हुंदके देऊन रडले. सोबत्यांना पुरणारा माणूस रडेल नाही तर काय करेल? तेव्हाच मी ठरवलं, त्यांच्या प्रत्येक क्रूसावर फूल वाहायचं. तिसऱ्यावर तर रोपच लावणार आहे. बाहेर पडवीत ठेवलंय ना, पिवळ्या गुलाबाचं.

ओडिल : पिवळंच का?

हेन्रिके : तिसरा क्रूस पिवळा आहे म्हणून. हा बघा. आकडाही सगळ्यात मोठा, तीनशे चाळीस.

इर्मा : ओडिल? अरे, तुझा चेहरा असा का झाला?

ओडिल : बाई, हे क्रूस नाहीत. फुल्या आहेत. तुमच्या लोकांनी गोळ्यांवर रंगवलेल्या फुल्या. निळी म्हणजे शिंका आणि ओकाऱ्या. हिरवी म्हणजे फुप्फुसं जाळणारी. देवळामागे माझ्या लग्नाच्या वर्षी सैन्यानं उकरलं तेव्हा निघाले होते, दोनशेच्या वर. आम्हा सगळ्यांना गाव सोडायला लावलं होतं.

हेन्रिके : नाही हो. असं कसं असेल? ते म्हणाले "पुरले".

ओडिल : गोळेच पुरले त्यांनी. आकडा गोळ्यांचाच आहे.

हेन्रिके : आणि पिवळी?

ओडिल : पिवळी म्हणजे कामिलकाका.

इर्मा : अगं आई गं! आणि ही बाई तिथे गुलाबासाठी खड्डा खणणार होती. वाचलात हो, देवानंच वाचवलं. ओडिल, कुठे आहे ती? आत्ताच्या आत्ता फोन करू पोलिसांना.

ओडिल : तेच बघतोय. ही आपली वाट. हा ओढा. चर्चचा मनोरा इकडे, म्हणजे हे वर. गोठा... हा चौकोन आपला गोठा आहे का गं?

इर्मा : मोठ्याने बोल ना! बाहेरच्या त्या मशीनच्या घरघरीत काही ऐकू येत नाही.

ओडिल : गोठ्यामागचं घोड्यांचं तळं, इर्मा. जुनं, बुजवलेलं.

इर्मा : बाबांनी कधी नांगर घालू दिला नाही, ते?

ओडिल : "फक्त गवत," म्हणायचे. "तिथली जमीन भुसभुशीत आहे, बैल रुततील." मला वाटायचं, म्हातारा नुसताच हट्टी.

हेन्रिके : पण मग तिथे कुणी जात नसेल ना? गवतच आहे ना तिथे?

इर्मा : लीस्बेत आहे तिथे. आमची लीस्बेत. सकाळपासून खोदाईच्या मशीननं उकरतेय. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा करायची म्हणून.

ओडिल : तिला फोन लाव. पटकन!

इर्मा : लावतेय, लावतेय... अरे, हा इथेच वाजतोय. ब्रेडच्या डब्यावर ठेवून गेलीय.

ओडिल : मी जातो. तू सगळ्या खिडक्या लाव. बाईंच्या खोलीची आधी.

हेन्रिके : माझी उघडीच आहे. मी तिथूनच तो वास... ओडिल, मी तिथूनच तो वास घेतला!

इर्मा : तू एकटा जाऊ नकोस रे. वारा या बाजूला येतोय. काही झालं तुला तर?

ओडिल : पोटची पोर आहे ती, इर्मा. घाबरलोय मी, पण सोड मला.

(बाहेर मशीनची घरघर थांबते.)

हेन्रिके : थांबलं.

इर्मा : येतेय ती. चालतेय सरळ. अरे, हसतेय! माझा जीव भांड्यात पडला रे.

ओडिल : लीस्बेत! तिथेच थांब! दारातच उभी राहा, एक पाऊल आत टाकू नकोस!

लीस्बेत : बाबा, गावाला ऐकू जाईल, केवढ्यानं ओरडतोस! तुला सांगायलाच आले. मशीनच्या बादलीला लोखंड लागलं. एकदोन नाहीत, ढीग आहे. रचून ठेवल्यासारखे, ओळीनं. पोलिसांना फोन कर. माझा फोन इथेच राहिला बघ.

ओडिल : हात लावलास?

लीस्बेत : मी काय शहरातली आहे? एकालाही नाही लावला. फक्त मशीनच्या पट्ट्यात चिखल अडकला होता, तो ओढून काढला आणि मशीन मागे घेतलं. एक-दीड तास झाला असेल. मग उरलेली बाजू सपाट केली, म्हटलं दिवस वाया नको जायला.

ओडिल : हातमोजे कुठायत तुझे?

लीस्बेत : ते काढले मघाशीच. आतपर्यंत ओले झाले होते, तेलकट घाण नुसती. विजारीला पुसले हात. अहो बाई, तुम्ही रडताय कशाला? काय झालं यांना, बाबा?

हेन्रिके : एकही वर ठेवला नाही, म्हणाले होते. मला वाटलं होतं... मला खरंच वाटलं होतं, माणसं आहेत.

ओडिल : इर्मा, बादलीभर पाणी आणि साबण आण. तिच्या अंगाला हात लावू नकोस. लीस्बेत, हात लांब धर, बाळा. डोळ्यांपाशी नेऊ नकोस. असेच धर.

इर्मा : लीस्बेत, खरं सांग मला. आग होतेय का गं? खाज येतेय? काही होतंय का?

लीस्बेत : नाही गं आई. हे बघ ना, काही म्हणजे काही होत नाहीये.