भिंतीपलीकडचा प्रिंटर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नेटवर्कवाला आणि त्याची मावशी नंबरची वाट बघत बसले होते.

"दोघा भावांची शेजारी शेजारी दुकानं, मावशी. मध्ये एक भिंत. काल त्यांच्या दोन राउटरमध्ये बोगदा करून दिला."

"भिंत फोडून?"

"नाही गं, इंटरनेटवरून. इथून निघायचं, सगळं गाव फिरायचं आणि भिंतीपलीकडे पोचायचं."

"भिंतीला दार नाही?"

"आहे की. दोन्हीकडून कडी. आठ वर्षं बोलत नाहीत."

"मग बोगदा कशाला?"

"वाटणीत प्रिंटर थोरल्याकडे गेला. बिलं धाकट्याला छापायची असतात."

"आणि छापलेला कागद?"

"थोरला दाराखालून सरकवतो."

"कर्म माझं. चालतोय का बोगदा?"

"झकास. दर सेकंदाला एक विचारतो, आहेस का? दुसरा म्हणतो, आहे."

"बोलायला लागले म्हणायचे."

"ते राउटर गं. स्क्रीनवर दिसतं तसं."

"आणि भाऊ?"

"सकाळपासून दोघंही आपापल्या स्क्रीनपुढे बसलेत. गिऱ्हाईक आलं तरी मान वर करत नाहीत. म्हणतात, थांबा जरा, आहे म्हणतोय का बघू दे."