मावशी म्हणायचं

...आणि वर बोलतात मलाच! अख्खी कामतघरची वस्ती! तुम्हाला सांगतो, बायको नर्स व्हावी म्हणून माझ्याएवढा कुठला नवरा राबलाय? आमची वैशाली चौतीसची. पस्तिशीनंतर नर्सिंगला घेत नाहीत, म्हणजे हे शेवटचंच वर्ष, त्यात तीन वर्षं होस्टेल सक्तीचं... तर धामणकर नाक्यावर फॉर्म भरून देणारा तो मितेश मला म्हणतो, "दत्तूशेठ, अपत्यांच्या रकान्यात शून्य टाका. लहान पोरांची आई दिसली की डायरेक्ट रिजेक्ट!" टाकलं शून्य. यात माझं काय चुकलं?

आता मुलाखतीच्या दिवशी पोरं ठेवायची कुठं? आमची आई, जानकीबाई, आधीच शेलार गावाला जाऊन बसलेली. "सून चालली शिकायला न् मी पोरांची ढुंगणं धुवू? न्हाय जमायचं!" मग काय, न्यायची बरोबर. सहा वर्षांची रुचिका, चार वर्षांचा ओमकार. आठ दिवस तालीम घेतली हो! आईला मावशी म्हणायचं. मावशी म्हटलं की वेफर्स, आई म्हटलं की धपाटा. पहिल्या दिवशी ओमकारनं सत्तावीस धपाटे खाल्ले, मोजून... बरं, सात धरा. पण आठव्या दिवशी संडासातून हाक, "मावशी, झाली!" काय तयारी! वैशाली तोंड फिरवून भांडी घासत होती. घासलेलीच. यात माझं काय चुकलं?

मुलाखतीची रांग अशी, की शेपूट पार नाशिकला! वैशाली आत गेली आणि इकडे ओमकार जिन्यावरून गडगडत खाली. हनुवटी फुटली. रक्त म्हणाल तर बादलीभर! मी धरेपर्यंत पोरगं सुटलं ते थेट मुलाखतीच्या खोलीत, आईसमोर उभं, दोन्ही हात वर... आणि तरी म्हणतं कसं, "मावशी, लागलं."

चुकला नाही हो माझा वाघ!

प्रिन्सिपॉल मॅडम म्हणाल्या, "कोणाचा हा?" वैशाली म्हणाली, "बहिणीचा." मॅडमनी कापूस पुढे केला. हिनं जखम पुसली, पट्टी लावली. उचलून नाही घेतला. डोळ्यांत टिपूस नाही. मॅडम खूश! "घरातलं मूल रडतंय आणि हात जरासुद्धा हलला नाही. अशीच मुलगी हवी आम्हाला!" झालं सिलेक्शन!

खाली फी भरायला गेलो, तर खिडकीतल्या बाई विचारतात, "लहान मुलं आहेत का? असतील तर सांगा, इथं पाळणाघर आहे, फुकट. आयांना मुलांसकट वेगळ्या खोल्या देतो." मी तोंड उघडलं, तर त्यांच्या डोक्यावर पाटी... 'खोटी माहिती दिल्यास प्रवेश रद्द.' मिटलं तोंड. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय...

असो. दर रविवारी येते. दारात पाऊल पडलं की ओमकार ओरडतो, "पप्पा, मावशी आली!" ती खाली बसते, म्हणते, "ओमू, आता आई म्हण रे." तो आधी माझ्या हाताकडे बघतो. मी हात पाठीमागे घेतो, तरी 'मावशी'च म्हणतो. वेफर्स मागतो.

परवा निघताना मीच विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना गं?"

चपला घालत म्हणाली, "बघते, दाजी."