सोळाच्या आत

मुलगी : हा फ्यूज कोणी बदलला?

बाबा : कुठला?

मुलगी : बाबा, सगळ्या पॅनेलवर हा एकच निळा आहे. इथे मी तपकिरी बसवला होता, साडेसात अँपिअरचा. हा पंधराचा.

बाबा : तो सारखा उडत होता. दिला मोठा ठोकून.

मुलगी : उडणं हेच त्याचं काम! तो उडाला नाही तर वायर जळेल. आणि ही दिव्यांची वायर पेट्रोलच्या टाकीजवळून जाते.

बाबा : मला शिकवू नकोस. अकरा वर्षं बांधतोय हे विमान. तू शाळेत होतीस तेव्हा मी पंखाच्या पट्ट्या रंध्याने तासत होतो.

मुलगी : उद्या तपासनीस येईल तेव्हा वायरिंगच्या कागदावर सही माझी लागेल, तुमच्या रंध्याची नाही. दिव्यांच्या वायरला आणखी काय जोडलंय?

बाबा : काही नाही.

आई : माझी गादी.

मुलगी : आई? तू कधी आलीस?

आई : मघापासून विमानातच बसलेय. तुम्ही दोघं बोलायला लागलात की मी कुणाला दिसत नाही.

मुलगी : कसली गादी?

आई : गरम होणारी. वर गारठा असतो म्हणतात, आणि माझे गुडघे साध्या पंख्यानेसुद्धा आखडतात.

बाबा : अर्धा तास चालवून पाहिली. दिवे, पंप, रेडिओ, सगळं सुरू ठेवून. बॅटरीचा काटा तसूभर हलला नाही.

मुलगी : इंजिन सुरू होतं?

बाबा : शेडमध्ये कसं सुरू करणार? बॅटरीवर.

मुलगी : आणि तो चार्जर?

बाबा : तो... तो लावलेलाच असतो.

मुलगी : म्हणजे सगळं भिंतीतल्या प्लगवर चाललं! वर भिंत कुठून आणणार?

आई : हे बाकी खरं.

बाबा : तू कुणाच्या बाजूने आहेस?

आई : गुडघ्यांच्या.

मुलगी : मोजा माझ्यासमोर. पेट्रोलचा पंप चार अँपिअर. रेडिओ दोन. स्क्रीन साडेतीन. दिवे तीन. साडेबारा झाले. गादी?

बाबा : सहा. साडेअठरा. इंजिनवर वीज करणारा अल्टरनेटर वीसचा आहे, बसतंय की!

मुलगी : कायमचा भार सोळाच्या वर न्यायचा नाही. तुमच्याच तक्त्यावर लाल शाईत लिहिलंय. अक्षर कुणाचं आहे?

बाबा : ...माझं.

मुलगी : इंजिन सावकाश फिरताना अल्टरनेटर दहासुद्धा देत नाही. उरलेलं बॅटरीतून जातं. बॅटरी बसली की पंप बंद, पंप बंद की इंजिन बंद. मी सही करणार नाही. बाप असलात तरी नाही.

बाबा : नको करूस! काढतो ती गादी. झालं?

आई : गादीला हात लावायचा नाही. गादीशिवाय मी बसणार नाही, आणि बसल्याशिवाय राहणार नाही.

बाबा : अगं, मग मी करू काय?

आई : दुसरं काहीतरी काढा. ते दिवे कशाला? दुपारीच उडणार ना?

बाबा : दिवे? त्यांच्या काचा मी हाताने घासल्यात!

मुलगी : थांबा, थांबा. काढायचे नाहीत, नुसते बंद ठेवायचे. दिव्यांचे तीन वजा, गादीचे सहा...

बाबा : साडेपंधरा.

मुलगी : एकच स्विच लावू, दोन बाजूंचा. इकडे दिवे, तिकडे गादी. दोन्ही एकदम लागणारच नाहीत. गादीला वेगळी वायर, वेगळा फ्यूज, तपकिरी. आणि चाकं जमिनीवर असेपर्यंत गादी बंद. कबूल, आई?

आई : कबूल. स्विच माझ्या बाजूला लावा.

बाबा : सगळे स्विच चालवणाऱ्याच्या हाताशी असतात. मला मध्येच दिवे लागले तर?

आई : मला सांगा, मी लावीन. तीन वर्षं तुमचा पंख पुढच्या खोलीत वाळत होता. आल्यागेल्याला मी स्वयंपाकघरात बसवलं, हूं की चूं केलं नाही. एवढं मोठं विमान, त्यातला एक स्विच माझा.

मुलगी : तिच्या बाजूला असेल तरच सही.

(बाबा निळा फ्यूज उपसून खिशात टाकतात. चार्जरचा प्लग भिंतीतून काढतात. ड्रिल हातात घेऊन आईच्या बाजूला वाकतात.)

बाबा : डाव्या गुडघ्याशी, की उजव्या?