यशदीपच्या मासोळ्या

पंडरी बाजारातल्या शोभेच्या मासोळ्यांच्या दुकानात माझ्यापुढं नवराबायको उभे. बाईच्या हातात पाण्याची पिशवी, अन् दोघं काही हलेनात. चांगलं सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं होतं.

"भैया, बाकीच्या साऱ्या मेल्या. ही एकच राहिली, अन् हीबी उलटी तरंगून राहिली."

"पोट केवढं फुगलं हिचं! काय चारलं, दीदी?"

"तुमच्याच डबीतले लाल किडे."

"भिजवून चारले ना?"

"भिजवाचे असते?"

"हव! गोठवून सुकवलेले असतात ते. कोरडे खाल्ले की पोटात जाऊन फुगतात. तुमच्या पोराले माहीत आहे, त्यालेच विचाराचं होतं."

"काल त्याचं पुण्यानुमोदन झालं, भैया."

"यशदीपचं?"

"हव. गेला तो. वंदना झाली, अन् जो आला त्याच्या हातावर मी चिमूटभर किडे ठेवले. म्हटलं, यशदीपच्या नावानं त्याच्या मासोळ्यायले चारा. सारा मोहल्ला चारून गेला."

"तू काहून आपल्यावर घेतं, शेवंता? डबी मी फिरवली."

"तुम्ही चूप बसा. भैया, हिले आता काय देऊ?"

"काहीच नका देऊ. उपाशी ठेवा. वाचली तर उपाशी राहूनच वाचंल."

"डॉक्टरबी हेच म्हणे."

"शेवंता, चल. मागं लोक उभे आहेत."

"पोट्टा भात मांगत होता, भैया. वाचंल म्हणून मी नाही देल्ला."