ढेकळाची साक्ष

"माणूस खोटं बोलंल, पत्रिका खोटी बोलंल, पण नांगरलेल्या वावरातलं ढेकूळ कधीच खोटं बोलणार न्हाई!"

घनसावंगीच्या बसस्टँडवर माझ्या शेजारच्या टोपीवाल्यांनी बायकोला हे ऐकवलं आणि खिशातून एक ढेकूळ काढलं.

"अवो, आपण पोरगं बघायला गेल्तो. त्याच्या वावरातली माती कशाला उचलून आणली?"

"जावई पारखायला. नुसता रोटाव्हेटर घेतला म्हणून कोणी शेतकरी होत न्हाई. मशागत बराबर असंल तर ढेकूळ कमरेवरून सोडलं की फुटतंय. न्हाई फुटलं तर पोरगं आळशी. प्रगतीला तिथं द्यायची न्हाई."

"प्रगतीला पसंत हाय तो."

"तिला मातीतलं काय कळतं? हे बघ, सोडलं!"

"अगं बया, उसळलं की!"

"फरशीचा टवका गेला, पुष्पे! गाळात नांगर घातलाय यानं. बिलकुल कामचुकार. फोन लाव, नकार कळव."

"लावते. पण हे डाव्या खिशातलं ना?"

"हो."

"आन् त्याला नमुना दाखवायला आपल्या वावरातलं घेतल्तं, ते कोणत्या खिशात ठेवलं?"

"...साहेब, जालन्याची गाडी लागली का वो?"

"गाडी ऱ्हाऊ द्या. उजव्या खिशातलं सोडा."

"सोडलं."

"बघा, रव्याच्या लाडवासारखं फुटलं! लावू फोन?"

"लाव. जल्दी होकार कळव. आन् पुष्पे..."

"आता काय?"

"जावईबापूंना हळूच इचार, पेरणीआधी दोन दिवस रोटाव्हेटर भेटंल का?"