सासूबाई आणि बॅले

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट सांगते. मी नंदाखाल गावातली नवी सून, सासूबाईंशी बोलायला अजून बिचकायचे. ऑफिसातून रशियन बॅलेचे दोन पास मिळाले. नवऱ्याला वेळ नव्हता, म्हणून सासूबाईंनाच मुंबईला घेऊन गेले. जन्मभर केळीच्या वाडीत राबलेली बाई. पडदा उघडल्यावर त्यांनी विचारलं, "हे बोलणार कधी?"

"बोलत नाहीत, आई. नुसतं नाचतात."

मध्यंतरात मी म्हटलं, "कंटाळलात तर निघू या."

"थांब. ती पोरगी सुखी होते का, ते बघूनच जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई ओट्याला धरून चवड्यांवर उभ्या. मला पाहून थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, "ये, तूही धर. चहा उकळायला वेळ आहे."