आतून अस्तर नको

भारत : ...नाही नाना, या बोळात मशीन बसवणार नाही. वर गॅस गिझर आहे. आपलं एसीचं मशीन घरातलीच हवा ओढतं, गार करतं आणि डक्टमधून परत सोडतं. गिझर पेटला की त्याचा जळका गॅसपण ओढणार. अख्खं घर झोपेत गुदमरायचं.

गोटीराम : पण शेखरनं तर हीच जागा ठरवली होती ना?

भारत : तुमच्या मुलाने फोनवर ठरवली. गिझरचं काही बोलले नाहीत. आता एकच जागा उरते, पण ती तुम्हाला चालणार नाही. तुमच्या खोलीतला माळा.

गोटीराम : तिथे माझी पुस्तकं आहेत.

भारत : तेच ना! शेखरदादा म्हणालेत, नानांच्या पुस्तकांना हात लावायच्या आधी मला विचार.

गोटीराम : घ्या माळा.

भारत : अं?

गोटीराम : थोडी पुस्तकं कॉटखाली मावतील. बाकीची वाचनालयात देईन. तिथे निदान कुणीतरी वाचेल. माझ्याकडे नुसती धूळ खातात. मशीन इथे आलं म्हणजे... तो तुमचा डक्ट इथून सरळ वर जाणार ना? सृष्टीच्या खोलीत?

भारत : सरळ. पत्र्याचा चौकोनी बोगदा समजा. एक तोंड इथे तुमच्या कॉटवर, दुसरं वर नातीच्या खोलीत. बीम कुठे आहे ते इंजिनिअर दाखवेल, मगच स्लॅबला भोक पाडायचं. मशीन माळ्याच्या फळीवर नाही ठेवणार हं, स्लॅबला सळ्यांनी टांगणार. निर्धास्त झोपा.

गोटीराम : असं आपलं विचारतो हं. मला यातलं काही कळत नाही. वर कुणी बोललं तर ते खाली...

भारत : आलं लक्षात! अजिबात ऐकू येणार नाही.

गोटीराम : अजिबात?

भारत : डक्टला आतून अस्तर लावतोय. शेखरदादांनी बजावून सांगितलंय, नानांची झोप सावध आहे, वरचा आवाज खाली नको.

गोटीराम : शेखर माझी फार काळजी घेतो.

भारत : घेणारच! हवं तर मध्ये एक वळण देतो. वर ढोल वाजला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही.

गोटीराम : नको, वळण कशाला... आणि हळू बोललं तर?

भारत : हळू? नाना, ते तर विसराच!

नवसाबाई : कोण काय विसरलं? चहा घे बाळा. अहो, तुमच्यात साखर नाही, तोंड वाकडं करू नका. हा पत्र्याचा पसारा कधी आवरणार? पोरीला दुपारी झोपवायचं असतं मला.

भारत : आवरतोच, आजी. रात्रीपण तुम्हीच असता तिच्याजवळ?

नवसाबाई : मीच. तिला दम लागला की माझा हात लागतो. दिवाळीपासून वरच झोपते मी. यांना गुडघ्यांनी जिना चढवत नाही, तिला माझ्याशिवाय झोप येत नाही. मी एकटी, कुठं कुठं पुरणार? जाते, कुकर लावलाय.

भारत : आजी एकदम कडक आहेत.

गोटीराम : दिवसा.

भारत : म्हणजे?

गोटीराम : काही नाही. तुम्ही कुठले हो?

भारत : मालेगावचा.

गोटीराम : मग घरी अहिराणी बोलत असाल.

भारत : आई बोलते. मुलांना नाही येत, हसतात.

गोटीराम : आमचा शेखरही हसायचा. ही नामपूरची. लग्न होऊन नाशकात आली, लोक हसले, तेव्हापासून दिवसभर आमच्यासारखंच बोलते. पण रात्री दिवा मालवला की हिची अहिराणी सुरू व्हायची. कुणाच्या म्हशीला काय झालं, माहेरचा कांदा कसा निघाला. सगळं मला कळायचं असंही नाही. मी पुस्तक छातीवर ठेवून पडलेला असायचो. मग मध्येच विचारायची, जपी गयात का?

भारत : झोपलात का.

गोटीराम : हो. दिवाळीपासून कुणी विचारलं नाही. आमच्यात रागलोभ काही नाही, घर भरलेलं आहे. दिवसा समोर असतेच की. पण तशी नसते. या वयात बोलायची गोष्ट नाही ही. क्षमा करा, तुमचा चहा निवला.

भारत : आजींनाच सांगा ना.

गोटीराम : काय सांगू? दमेकरी पोरीला सोडून खाली ये? ...बरं, ते अस्तर कशाचं असतं हो?

भारत : काचेच्या कापसाचं. वरून काळं कापड चिकटवतो.

गोटीराम : आणि ते कापड फाटलं तर?

भारत : बारीक तंतू सुटतात. हवेबरोबर... हं. वर दमेकरी मूल आहे.

गोटीराम : मग?

भारत : मग आतून नको. बाहेरून गुंडाळू. गार पत्र्याला घाम सुटतो, त्यासाठी बाहेरून हवंच. पण नाना, मग आवाज येणार. मशीन चालू असताना नाही, पण खोली गार होऊन ते थांबलं की वरची कॉट करकरली तरी कळेल.

गोटीराम : येऊ दे. सृष्टीचं कारण खोटं नाही हं. फक्त मला आत्ता सापडलं.

भारत : शेखरदादांना मी सांगतो, दम्यासाठी बदललं. वळणपण रद्द. वळणाला पत्रा जास्त लागतो.

(आठवड्यानंतर. दुपार. माळ्यावर मशीन घरघरतंय.)

भारत : सांधे सगळे टेपने बंद केलेत. डक्टभोवतीची फट आग न धरणाऱ्या कापसाने बुजवलीय. पाण्याच्या नळीला ढाळ दिलाय, पुस्तकांवर थेंब पडणार नाही.

गोटीराम : पुस्तकं गेली.

भारत : सगळी?

गोटीराम : दोनचार ठेवलीत. छातीवर ठेवायला.

भारत : बघा, आता आपोआप थांबेल... थांबलं.

गोटीराम : काहीच ऐकू येत नाही हो.

भारत : आजी वर आहेत ना?

गोटीराम : सृष्टीला झोपवतेय. पण ती दिवसा नाही... मला वाटलंच होतं. माझंच काहीतरी चुकलं असणार. उगाच तुम्हाला एवढ्या खटाटोपात...

नवसाबाई : (वरून, डक्टच्या जाळीतून) अहो.

भारत : मी स्कूटरवर सामान बांधतो, नाना.

नवसाबाई : अहो, पोर झोपली. तो मशीनवाला मघाशी मला सांगून गेला, जाळीपाशी बोलून बघा म्हणून. मला मेलं काही सुचेना, काय बोलायचं पत्र्याशी? ...ऐकू येतंय का?

नवसाबाई : (हळू आवाजात) जपी गयात का?

गोटीराम : नई. जागा शे मी.